कोरी यादी आणि क्रोम १०९: ॲरे मेथडचा सपोर्ट तपासताना या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीसाठी मेंटेनन्स थकलेल्या फ्लॅटची यादी दाखवणारं एक छोटं पान मी बनवलं. लॅपटॉपवर चाललं, फोनवर चाललं. रात्री ग्रुपवर लिंक टाकून झोपलो आणि सकाळी सेक्रेटरी काकांचा फोन.

"अरे, यादी कोरी दिसतेय. सगळ्यांनी पैसे भरले की काय?"

"काका, ब्राउझर कुठला आहे तुमच्याकडे?"

"क्रोमच रे. तो रंगीत गोळा."

क्रोम म्हटल्यावर मी निर्धास्त झालो, आणि पहिली चूक तीच. संध्याकाळी ऑफिसात जाऊन बघितलं, तर पीसी विंडोज ७ चा. जुना प्रिंटर त्याच्याशीच जुळतो, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. 'अबाउट क्रोम' उघडलं, तर आवृत्ती १०९. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका लिहून ठेवतो तिथे, एकच लाल ओळ होती: 'टूसॉर्टेड इज नॉट अ फंक्शन'. टूसॉर्टेड ही ॲरेची, म्हणजे जावास्क्रिप्टमधल्या यादीची, मेथड (तिच्यावर चालणारं फंक्शन). ती क्रमानं लावलेली नवी प्रत देते, आणि या ब्राउझरला ती माहीतच नव्हती.

"क्रोममध्ये चालतं" म्हणजे नेमकं कुठल्या क्रोममध्ये?

विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती. ती आली जानेवारी २०२३ मध्ये. टूसॉर्टेड, टूरिव्हर्स्ड, टूस्प्लाइस्ड आणि विथ ही चौकडी क्रोमला मिळाली ११० मध्ये, म्हणजे पुढच्याच महिन्यात. जिना उतरेपर्यंत लोकल सुटावी, तसा हा पीसी एका आकड्यानं हुकला आणि आता तो कायमचा तिथेच. गंमत म्हणजे त्याच विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ चालतो, आणि फायरफॉक्सला ही चौकडी नेमकी ११५ मध्येच मिळाली. एकाच टेबलावरचा एकच पीसी, एका ब्राउझरमध्ये यादी दिसते, दुसऱ्यात नाही.

म्हणून सपोर्टचा तक्ता बघताना ब्राउझरच्या नावावर थांबू नका. वाचणाऱ्याच्या यंत्रावर तो ब्राउझर कुठवर चढू शकतो, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. सपोर्टचे तक्ते देणाऱ्या 'कॅन आय यूज' साइटवरचा मोठा हिरवा टक्का जगभराचा असतो. तिथे भारत निवडता येतो, तेवढं तरी करा. पण तुमचे वापरणारे चाळीस फ्लॅटमधले असतील तर देशाच्या टक्क्यापेक्षा त्या चाळीस घरांतली यंत्रं महत्त्वाची. 'बेसलाइन'च्या शिक्क्याचंही तसंच. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत एखादी सोय येऊन अडीच वर्षं झाली की ती 'सर्वत्र उपलब्ध' धरतात. शिक्का कामाचा आहे, पण १०९ वर अडकलेल्या पीसीला अडीच काय, दहा वर्षांनीही ११० मिळणार नाही.

आयफोनवरचा क्रोम हा वेगळाच प्राणी

आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आत इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिट. त्यामुळे तिथे क्रोमचा आवृत्ती क्रमांक बघून काहीच कळत नाही, आयओएसचा बघावा लागतो. आयफोन ७ आयओएस १५ वर थांबला. ॲट आणि फाइंडलास्ट या मेथड सफारी १५.४ पासून आहेत, त्यामुळे फोन अपडेट केलेला असेल तर त्या मिळतात. टूसॉर्टेड मात्र सफारी १६ पासून, म्हणजे नाही. आयफोन ६ तर आयओएस १२ वरच राहिला. तिथे 'फ्लॅट' ही मेथड आहे, ॲट नाही.

याउलट अँड्रॉइड ७ चा फोन घ्या. तोही आयफोन ७ सारखा २०१६ चाच. त्यावर प्ले स्टोअरमधून क्रोम ११९ पर्यंत जातो आणि टूसॉर्टेड बिनबोभाट चालतं. फोनच्या किमतीवरून अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. यूजर एजंटची ओळ, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती, वाचून 'क्रोम आहे, चालेल' असं ठरवणारा कोड याच कारणानं फसतो. ब्राउझरचं नाव विचारू नका, मेथड आहे का ते विचारा: 'टाइपऑफ ॲरे.प्रोटोटाइप.टूसॉर्टेड'चं उत्तर 'फंक्शन' आलं की झालं.

"बॅबेल आहे ना, मग काय?"

हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोललोय, मोजलेलं नाही. बॅबेल हे नवा कोड जुन्या ब्राउझरला कळेल असा करणारं साधन. ते वाक्यरचना बदलून देतं: ॲरो फंक्शन, ऑप्शनल चेनिंग वगैरे. मेथड ही वाक्यरचना नव्हे. टूसॉर्टेड म्हणजे ॲरेच्या प्रोटोटाइपवर, सगळ्या ॲरेंना मेथड जिथून मिळतात तिथे, लटकलेलं एक फंक्शन. ते तिथे नसेल, तर बॅबेल एकटं ते आणून टांगत नाही. त्यासाठी कोअर-जेएस हा पॉलिफिलचा, म्हणजे नसलेल्या मेथड भरून काढणाऱ्या कोडचा, संच जोडावा लागतो. बॅबेलच्या प्रीसेट-एन्व्ह या सेटिंगमध्ये 'यूजबिल्टइन्स'ला 'यूसेज' लिहिलं आणि ब्राउझर्सलिस्टमध्ये, म्हणजे कुठले ब्राउझर सांभाळायचे त्या यादीत, क्रोम १०९ घातलं, की वापरलेल्या मेथडपुरतेच पॉलिफिल आत येतात. टाइपस्क्रिप्टवाल्यांची (प्रकार तपासणारं जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची) फसगत याहून गोड. 'लिब' या सेटिंगमध्ये ईएस२०२३, म्हणजे भाषेची २०२३ ची आवृत्ती, लिहिलं की एडिटरमधली लाल रेघ जाते, आणि तेवढंच होतं. ब्राउझरला त्याचा पत्ताही नसतो.

या दोन बिघाडांची लक्षणंही वेगळी. वाक्यरचना झेपली नाही तर अख्खी फाइलच वाचली जात नाही आणि पान सुरुवातीलाच मरतं. मेथड नसेल तर कोड त्या ओळीपर्यंत सुरळीत चालतो आणि मग कोसळतो. काकांना वरचं शीर्षक, तारीख, सोसायटीचं नाव सगळं दिसत होतं, फक्त यादी नव्हती. काय काय दिसतंय हे आधी विचारलं असतं, तर रोगाचं निदान फोनवरच झालं असतं.

आणखी एक फसवा उपाय म्हणजे मेथडच्या नावापुढे प्रश्नचिन्ह-टिंब लावून कॉल करणं. एरर जाते, हातात 'अनडिफाइन्ड' येतं, यादी कोरीच राहते आणि आता कन्सोलही गप्प.

स्वतः पॉलिफिल लिहिताना

प्रोटोटाइपवर साध्या बरोबरच्या चिन्हानं मेथड चिकटवली, तर ती यादीवर फिरणाऱ्या फॉर-इन लूपमध्येही उगवते आणि यादीच्या शेवटी एक भुताटकीची नोंद दिसते. 'डिफाइनप्रॉपर्टी' वापरा, म्हणजे ती लूपला दिसत नाही, आणि मेथड आधीपासून असेल तर हात लावू नका. मनानं नवीन नावाच्या मेथड तर प्रोटोटाइपवर टांगूच नका. पूर्वी मूटूल्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीनं 'फ्लॅटन' अशीच टांगली होती. भाषेत तीच सोय अधिकृतपणे आणायची वेळ आली, तेव्हा जुन्या साइट मोडतील म्हणून २०१८ मध्ये मोठा वाद झाला आणि शेवटी नाव 'फ्लॅट' ठेवावं लागलं.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून पॉलिफिल ओढत असाल, तर तेही आजच काढा. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या मालकाकडे गेलं, आणि जूनमध्ये तिथून घातक कोड येत असल्याचं उघड झालं. लाखाहून अधिक साइटवर तो टॅग होता.

सपोर्टचा संबंधच नसतो तेव्हा

'मॅप इज नॉट अ फंक्शन' दिसलं तर ब्राउझरला दोष देऊ नका. मॅप, म्हणजे प्रत्येक नोंदीवर काम करून नवी यादी देणारी मेथड, इंटरनेट एक्सप्लोरर ९ मध्येही होतं. तुमच्या हातात ॲरेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पानावरचे घटक शोधणारं 'क्वेरीसिलेक्टरऑल' ॲरेसारखी दिसणारी नोडलिस्ट देतं, पण तिला मॅप नसतं. सर्व्हरकडून कधी ॲरेऐवजी ऑब्जेक्ट येतो. आधी 'ॲरे.इजॲरे' विचारा, नोडलिस्ट असेल तर 'ॲरे.फ्रॉम'मधून काढा.

काकांच्या पीसीसाठी मी पॉलिफिल घातलंच नाही. एका मेथडसाठी कशाला? 'स्लाइस' करून त्या प्रतीवर 'सॉर्ट' लावलं. स्लाइस विसरू नका, नाहीतर मूळ यादीच उलटीपालटी होते, आणि पडदा रंगवणाऱ्या रिॲक्ट लायब्ररीत असाल तर पडद्यावर काही हलतही नाही, कारण ॲरे तोच राहतो. घाईत मी तुलनेचं फंक्शन मात्र विसरलो.

"यादी आली रे," काका म्हणाले. "पण १००३ नंबर २०४ च्या आधी कसा? दहावा मजला खाली आला का?"

सॉर्टला तुलना दिली नाही, तर ते आकड्यांनाही अक्षरं समजून लावतं. एक दोनच्या आधी, म्हणून १००३ आधी. हे सगळ्या ब्राउझरांत सारखंच होतं.