स्किन ट्रेड करताना ते सात दिवस नेमके कशासाठी असतात

माझा मिरजेचा मावसभाऊ बारावीला आहे, काउंटर स्ट्राईक २ हा गेम खेळतो, आणि त्याची नाईफ गेली, म्हणजे गेममधल्या चाकूची स्किन, पैसे देऊन घ्यायची सजावटीची वस्तू. दोन वर्षं पॉकेटमनी साठवून घेतलेली. आठवडाभर वापरायला म्हणून वर्गातल्या मित्राला पाठवली, मित्र म्हणाला आली नाही, तर हा म्हणतो अरे सात दिवसांचा होल्ड असतोय, थांब. दोघं थांबले. आठ दिवस झाले तरी नाही आली, नवव्या दिवशी त्यानं मला फोन केला आणि मी स्टीमवर, म्हणजे ज्या ॲपवर हा गेम आणि त्यातल्या वस्तू असतात तिथं, ट्रेड हिस्ट्री (झालेल्या देवाणघेवाणीची यादी) उघडायला लावली तर नाईफ पहिल्याच दिवशी भलत्याच अकाउंटला गेलेली. सातव्या दिवसाच्या आत कळवलं असतं तर ती परत आणता आली असती. मला याचं लय वाईट वाटलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण विश्रामबागेतल्या गेमिंग कॅफेत बसणाऱ्या निम्म्या पोरांचा हाच गोंधळ आहे की होल्ड म्हणजे काय आणि प्रोटेक्शन म्हणजे काय.

तर आधी तेच. ट्रेड होल्ड ही जुनी गोष्ट, डिसेंबर २०१५ पासूनची. तुमच्या अकाउंटला मोबाईलवरचा स्टीम गार्ड ऑथेंटिकेटर (लॉगिनचा कोड देणारी आणि ट्रेड कन्फर्म करायला लावणारी ॲपमधली सोय) नसेल, किंवा असून सात दिवस झाले नसतील, तर ट्रेड केलेली वस्तू स्टीम मधेच अडकवून ठेवतं, १५ दिवसांपर्यंत. म्हणजे ती तुमच्याकडंही नाही आणि समोरच्याकडंही नाही, आणि तेवढ्या वेळात तुम्ही ट्रेड रद्द करू शकता. ट्रेड प्रोटेक्शन वेगळं, ते जुलै २०२५ मध्ये काउंटर स्ट्राईक २ साठी आलं. यात वस्तू लगेच समोरच्याच्या इन्व्हेंटरीत जाते, त्याला ती गेममध्ये वापरता पण येते, फक्त सात दिवस ती पुढं कुणाला देता येत नाही, विकता येत नाही, स्टिकर लावून बदलता येत नाही. आणि या सात दिवसांत देणारा माणूस ट्रेड उलटवू शकतो. म्हणजे ऑथेंटिकेटर चालू असताना ट्रेड केला आणि समोरच्याला वस्तू लगेच दिसत नाही, तर ती वाटेत वगैरे नाही, ती दुसरीकडं गेलीय. त्याच मिनिटाला ट्रेड हिस्ट्री उघडा. भावाच्या बाबतीत एवढं एक माहीत असतं तर बास होतं.

स्टीमच्या स्वतःच्या मार्केटवरनं विकत घेतलेल्या वस्तूलाही सात दिवस ट्रेड करता येत नाही पण ते वेगळं, तो सौदा उलटत नाही, त्यात गल्लत करू नका.

आता नाईफ गेली कशी ते सांगतो, कारण ऑथेंटिकेटर चालू होता आणि कन्फर्म पण त्यानंच स्वतःच्या बोटानं केलं. महिन्यापूर्वी त्याला फ्रेंडलिस्टमधल्या एकाचा मेसेज आला, आमच्या टीमला वोट दे. लिंक उघडली, स्टीमचं लॉगिन आलं, यानं नाव पासवर्ड कोड सगळं भरलं. तो मित्र नव्हताच, त्याचंही अकाउंट असंच गेलेलं. चोरानं आत जाऊन काही उचललं नाही, फक्त एक एपीआय की तयार करून ठेवली आणि गप्प बसला. एपीआय की म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला तुमच्या अकाउंटचे ट्रेड बघायची आणि रद्द करायची दिलेली परवानगी. भावानं खऱ्या मित्राला ऑफर पाठवली की त्या प्रोग्रामनं ती रद्द केली, आणि अकाउंटमध्ये शिरून बसलेल्या चोरानं मित्राचंच नाव, मित्राचाच फोटो लावलेल्या दुसऱ्या अकाउंटला तशीच ऑफर उभी केली. मोबाईलवर कन्फर्मेशन आलं, नाव बघितलं, फोटो बघितला, दाबलं.

नाव आणि फोटो कुणीही लावू शकतं, त्यामुळं कन्फर्म करताना त्याकडं बघूच नका. तिथं समोरच्याचं स्टीम लेव्हल आणि अकाउंट कधी काढलं ती तारीख दिसते, ते बघा. पाच वर्षं सोबत खेळणाऱ्या मित्राचं अकाउंट गेल्या महिन्यातलं कसं असेल. आणि सगळ्यात सोपं म्हणजे फोन लावा, बाबा तुझं लेव्हल किती, वाच. आमचे काका मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर आहेत, तिथं माणूस ओळखीचा असला तरी पोती काट्यावर चढल्याशिवाय पट्टी होत नाही, आणि त्याचा राग कुणाला येत नाही. तसंच हे. जो मित्र म्हणेल एवढा पण विश्वास नाही का, त्याच्याशी खेळा, ट्रेड करू नका.

आज रात्री बसून एवढं करून टाका. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाईप करून स्टीम कम्युनिटीवर जा, एपीआय कीचं पान उघडा, तिथं तुम्ही न केलेली की दिसली तर रद्द करा, आणि की दिसली याचा अर्थ कुणीतरी आत येऊन गेलंय, म्हणून पासवर्ड पण बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरनं लॉगआउट व्हा. ट्रेड यूआरएल, म्हणजे जिच्यावरनं कुणीही तुम्हाला ट्रेडची ऑफर पाठवू शकतं ती लिंक, नवीन बनवा, जुनी कुठंकुठं टाकलीय आठवतही नसेल. ऑथेंटिकेटरचा रिकव्हरी कोड असतो, आर अक्षरानं सुरू होणारा, तो वहीत लिहून ठेवा, मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट नको, मोबाईलच हरवला तर? पासवर्ड विसरून रिसेट केलात तर पाच दिवस ट्रेड बंद राहतो, त्यामुळं ट्रेडच्या आदल्या दिवशी असले उद्योग काढू नका.

लॉगिनची खोटी खिडकी ओळखायची एक पद्धत आहे. ती खिडकी माऊसनं धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून बघा. खरी असेल तर बाहेर येते, पानावर काढलेलं चित्र असेल तर कडेला अडकते. आणि क्यूआर कोड, हा नवीन प्रकार लय वाढलाय, कुणी डिस्कॉर्डवर (गेमर पोरांचं चॅटचं ॲप) पाठवलेला कोड स्टीमच्या ॲपनं स्कॅन करून मंजूर केला की समोरचा तुमच्या अकाउंटमध्ये शिरला, पासवर्ड मागायची पण गरज नाही त्याला. स्टीमचा माणूस म्हणून डिस्कॉर्डवर कुणी आला, तुझी वस्तू डुप्लिकेट आहे, तपासायला मित्राकडं दे म्हणाला, तर तो चोरच. स्टीमचे लोक असे चॅटवर येत नाहीत.

चोरी झालीच तर घाबरून लपवू नका, तेच भावानं केलं, म्हणजे त्याला मनात शंका आली होती तिसऱ्या दिवशीच पण घरी ओरडतील म्हणून बोलला नाही. आधी अकाउंट ताब्यात घ्या, पासवर्ड, लॉगआउट, की रद्द. मग ट्रेड हिस्ट्रीत जाऊन ट्रेड उलटवा. एकच ट्रेड निवडून उलटत नाही हं, गेल्या सात दिवसांतले प्रोटेक्शनखालचे सगळे उलटतात, चांगले झालेले सुद्धा, आणि वर ३० दिवस तुमचं ट्रेडिंग आणि मार्केट बंद. तरी करा. सात दिवस उलटून गेल्यावर सपोर्टला कितीही लिहिलं तरी स्टीम वस्तू भरून देत नाही.

आता पैशाचं. स्टीम वॉलेटमधले पैसे बँकेत काढता येत नाहीत, आणि मार्केटवर काउंटर स्ट्राईकची वस्तू विकली की एकूण १५ टक्के कट लागतो, म्हणून पोरं आपसात यूपीआयवर सौदे करतात. मी सांगेन नका करू. विकत घेणाऱ्याला धोका असा की पैसे गेल्यावर विकणारा सहाव्या दिवशी ट्रेड उलटवू शकतो, जे प्रोटेक्शन तुमच्या संरक्षणासाठी आहे तेच तुमच्यावर उलटतं. विकणाऱ्याला धोका त्याहून मोठा. अनोळखी माणसानं पाठवलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले निघाले तर तक्रारीनंतर तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली जाते, आणि कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. बारावीतल्या पोराचं खातं बऱ्याचदा आईबरोबर जॉइंट असतंय, त्यात घरखर्चाचे पैसे असतात, हे डोळ्यासमोर ठेवा. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, कुणी पिन टाक म्हणाला की फोन ठेवा.

यूपीआयवर फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, आजच, उद्या सकाळी नाही, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच मिळायची आशा. सोबत चॅटचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचा नंबर, समोरच्याच्या प्रोफाइलची लिंक ठेवा, आणि अकाउंटचा १७ आकडी स्टीम आयडी पण, नाव तो बदलेल पण हा नंबर बदलत नाही.

भावानं आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केलीय, ट्रेड कधी केला आणि सातवा दिवस कुठला, आणि ट्रेड झाल्या झाल्या मित्राला फोन करून विचारतो, आली का रे.