स्वीट पी वासासाठी लावताय? मग तिला थंडीतच वाढवा

जून लागला की इंग्लंडमधल्या घरामागच्या बागा दरवळायला लागतात. लायलॅक तोवर ओसरलेला असतो, पण हनीसकलचा वास संध्याकाळी रस्त्यापर्यंत येतो, गुलाबांचा पहिला बहर येतो, फिलाडेल्फसची पांढरी फुलं उमलतात. मात्र ही सगळी झुडपं जम धरायला वर्षं घेतात आणि बहुतेक वेळा ती आधीच्या घरमालकाने लावून ठेवलेली असतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला एका वर्षात, कुंडीतसुद्धा, तोलामोलाचा वास देणारी एकच वेल मला माहीत आहे: स्वीट पी.

दिल्लीकडे हीच वेल हिवाळ्यात लावतात आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. ही थंडीची वेल आहे. तिला उबेत जपण्याचे जे सल्ले मिळतात, ते सगळे सोडून द्या.

बी घेताना

पाकिटावरचं चित्र बघून बी घेऊ नका, मोठ्या देखण्या फुलाला वास जास्त असतोच असं नाही. १६९९ साली फ्रान्सेस्को कुपानी या सिसिलीतल्या धर्मोपदेशकाने हे बी लंडनजवळच्या एनफिल्डमधले शिक्षक आणि वनस्पतीप्रेमी रॉबर्ट युव्हडेल यांना पाठवलं. ते फूल लहान, किरमिजी-जांभळं होतं, पण वासाला जबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री एकफर्ड या माळ्याने फुलं मोठी केली, त्याचं बरंचसं काम इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या वेम गावी झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑल्थॉर्प या स्पेन्सर घराण्याच्या वाड्याच्या बागेतून झालरीसारख्या पाकळ्यांचे स्पेन्सर वाण आले आणि फुलांची प्रदर्शनं त्यांनीच भरली. स्पेन्सरची फुलं देखणी असतात, काहींना वासही छान असतो, पण वास हेच कारण असेल तर ‘कुपानी’ किंवा ‘मटुकाना’ हे जुन्या धर्तीचे वाण घ्या. सोबत हलका रंग हवा तर गुलाबी-पांढरी ‘पेंटेड लेडी’. रंगीबेरंगी मिश्र पाकीट नको.

पेरणी

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलं तर मे संपता संपता किंवा जूनमध्ये फुलं येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलं तर थोडी उशिरा. मुळं खोल जातात, म्हणून अरुंद पण उंच कुंड्या घ्या. टॉयलेट रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्याही चालतात. बी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खोल, एकदा पाणी, वर झाकण. झाकण उंदरांसाठी, ते हे बी हुडकून खातात.

बी रात्रभर भिजत घाला, चाकूने टवका काढा, हे प्रत्येक जण सांगतो. ताज्या बियांना यातलं काहीही लागत नाही. भिजून फुगलेलं बी ओल्या गार कंपोस्टमध्ये गेलं की कुजायलाच बसलेलं असतं.

कोंब आल्यापासून शेंडा खुडेपर्यंत

सगळी वाट लागते ती इथे. मलाही याच टप्प्याने बराच काळ छळलं, म्हणून सावकाश सांगते.

बी उगवायला साधारण १५ अंश ऊब पुरते आणि एवढ्याचसाठी ट्रे घरात ठेवायचा. कोंबाचं हिरवं टोक दिसलं की त्याच दिवशी ट्रे बाहेर गेला पाहिजे. पुढच्या शनिवारी नाही, त्याच दिवशी. बाहेर म्हणजे हीटर नसलेलं ग्रीनहाऊस, कोल्ड फ्रेम (काचेच्या झाकणाची बुटकी पेटी), किंवा यातलं काहीच नसेल तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकून ठेवलेला पारदर्शक प्लास्टिकचा खोका, हवेसाठी झाकण थोडं उघडं ठेवून.

इंग्लंडला आलेल्या आपल्याकडच्या माणसाचा हात इथे अडतो, हे मी अनेक घरांत बघितलंय. बाहेर पारा शून्याजवळ आणि एवढीशी रोपं! मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, खाली रेडिएटर, अशी ठेवली जातात. इंग्लंडच्या हिवाळ्यात त्या खिडकीला ऊब भरपूर आणि उजेड जेमतेम. आठवड्याभरात रोप काचेकडे झुकतं, देठ दोऱ्यासारखा बारीक आणि फिकट होतो, पानांच्या दोन जोड्यांमध्ये बोटभर अंतर पडतं. असं रोप नंतर बाहेर लावलं की पहिल्याच वाऱ्यात लोळण घेतं. ते मेलं नाही तरी मोसमभर मागे राहतं.

थंडीत वाढलेलं रोप हातात घेऊन बघा. ते बुटकं असतं, पानांवर निळसर झाक असते, देठाच्या दोन्ही बाजूंना पात्यासारखी उभी कड स्पष्ट दिसते. वर काहीच हालचाल नाही म्हणून तुम्ही नाराज व्हाल, पण नळीच्या तळातून पांढरी मुळं बाहेर डोकावत असतात. थंडीत रोप आधी मुळं करतं, आणि आपल्याला हवं आहे तेच.

दंव पडलेल्या सकाळी रोपं मान टाकतात. ती उचलून घरात आणू नका, ऊन चढलं की सावरतात. थंडीला सरावलेलं रोप उणे तीन-चार अंशही सोसतं. त्याहून कडक रात्रीचा अंदाज असेल तर वरून फ्लीस (रोपांवर पांघरायचं पातळ पांढरं कापड) टाका आणि सकाळी काढा. पाणी बेताचंच. हिवाळ्यात थंडीपेक्षा ओल जास्त रोपं मारते.

आणि आता शेंडा. पानांच्या दोन-तीन जोड्या झाल्या की वरच्या जोडीच्या लगेच वर, नखाने, शेंडा खुडा. पहिला फुटवा मुळात अशक्त असतो. शेंडा गेला की पानांच्या बगलेतून आणि बुडापासून नवे फुटवे येतात, ते जाड असतात आणि फुलांचा खरा भार तेच उचलतात. इतकं जपलेलं रोप खुडवत नाही म्हणून लोक दोन रोपं ‘बघू तर काय होतं’ म्हणून तशीच ठेवतात. करू नका. सगळी खुडा.

बागेत लावणं

मार्चअखेर ते मे, ऊन येणाऱ्या जागी, शेणखत घातलेल्या जमिनीत. मोठ्या कुंडीत पाच-सहा रोपं. आधार लावतानाच द्या, दोन मीटर उंचीचा: हेझलच्या काठ्या किंवा बांबू आणि सुतळी. गुळगुळीत बांबूवर तणाव्यांची पकड बसत नाही, सुरुवातीला बांधून घ्या. गोगलगायींवर रात्री टॉर्च घेऊन नजर ठेवा. कळ्या दिसल्या की दर पंधरवड्याला टोमॅटोच्या झाडांसाठी मिळणारं खत.

सुरुवातीच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात तेव्हा खताचा मारा करू नका. गार रात्री आणि ढगाळ दिवस यांचा तो परिणाम असतो, हवा सुधारली की थांबतो.

तोडणी

फुलं तोडा. रोज, निदान एक दिवसाआड. वेलीला बी धरायचं असतं. एकदा शेंगा भरू लागल्या की तिचं काम संपलं आणि फुलं थांबली. सकाळी, लांब देठासकट, टोकाचं फूल अजून मिटलेलं असताना कापा. फुलदाणीत चार-पाच दिवस मिळतात आणि खोली भरून वास. सुट्टीला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगा, फुलं तुमचीच, फक्त तोडत राहा.

घरात लहान मुलं असतील तर एक इशारा. शेंगा हुबेहूब वाटाण्यासारख्या दिसतात आणि आपल्या मुलांना वाटाणे सोलता सोलता तोंडात टाकायची सवय असते. या बिया विषारी आहेत. विदर्भातली लाखोळी हिच्याच लॅथिरस वंशातली, तिच्या दाण्यांचा अतिरेक पायांना भोवतो हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. स्वीट पीचा एकही दाणा पोटात जाता कामा नये. राहिलेल्या शेंगा दिसतील तशा काढून कंपोस्टमध्ये टाका.

ऑगस्टमध्ये वेल थकली की मगच दोन-चार शेंगा वाळू द्या, तपकिरी झाल्या की बी काढून कागदी पाकिटात ठेवा. वेल जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. त्यांच्या गाठींमध्ये नत्र असतं आणि तिथे पुढे लावलेल्या पालेभाजीला ते मिळतं. पुढच्या वर्षी स्वीट पीला मात्र दुसरी जागा द्या.