पॉलिमरसोमची वाटी होत नाहीये? या चुका टाळा

पॉलिमरसोम म्हणजे पॉलिमरच्या कातडीची अतिसूक्ष्म पोकळ पिशवी; ती एका बाजूने आत दाबून वाटीसारखी करायची असते. लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात हाच प्रश्न घेऊन येतं: "सगळं पेपरमध्ये दिलंय तसंच केलं, तरी गोळेच का येतायत?" मी विचारते, पाणी किती वेळात घातलंस? "सावकाशच घातलं." सावकाश म्हणजे पिपेटने, दहा मिनिटांत.

मी इथे बोलतेय ते मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि पॉलिस्टायरीन यांच्या ब्लॉक कोपॉलिमरबद्दल, म्हणजे या दोघांचे तुकडे टोकाला टोक जोडून केलेल्या साखळीबद्दल. पॉलिमर टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) आणि डायऑक्सेन या दोन सॉल्व्हंटच्या 4:1 मिश्रणात विरघळवायचा, मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम. मग सिरिंज पंपाने तासाला 1 मिलिलिटर या वेगाने, निम्मं होईपर्यंत पाणी सोडायचं. द्रावण निळसर झाक मारत दुधाळ होतं. यात गोल, पोकळ पिशव्या तयार झालेल्या असतात. आता हे डायलिसिसला लावलं, म्हणजे बारीक छिद्रांच्या नळीत भरून पाण्यात बुडवलं, की पिशवीच्या आतलं सॉल्व्हंट बाहेर पडतं आणि त्या वेगाने पाणी आत शिरत नाही. पोट आत जातं, कातडीचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहतं. मग कातडी कुठेतरी आत दबते आणि वाटी होते. हिलाच स्टोमॅटोसाइट म्हणतात. पण सॉल्व्हंट निघून जाताना कातडी कडकही होत असते. शुद्ध पॉलिस्टायरीन मऊ व्हायला साधारण 100 अंश सेल्सिअस लागतात, खोलीच्या तापमानाला ते काचेसारखं. ते मऊ राहतं ते आत मुरलेल्या सॉल्व्हंटमुळे, मुख्यतः टीएचएफमुळे. पोट आधी आत जातं की कातडी आधी आखडते, यावर सगळं ठरतं.

आता माझी सर्वात महागात पडलेली चूक. तोच पॉलिमर, तीच बाटली, तोच पंप. एका आठवड्यात सुरेख वाट्या, पुढच्या आठवड्यात नुसते गोळे. तीन आठवडे मी पॉलिमरला दोष दिला. नवीन बॅच बनवली, तिची रचना तपासायला एनएमआर काढला, साखळ्यांची लांबी तपासायला जीपीसी केलं, सगळं जागच्या जागी. शेवटी वही उघडून तारखांशेजारी वेळा लिहिल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सकाळी सुरू केलेल्या सॅम्पलच्या वाट्या होत होत्या, कारण ती त्याच दिवशी डायलिसिसला जायची. दुपारनंतरची सॅम्पल रात्रभर स्टररवर फिरत राहायची आणि दाब साठू नये म्हणून सेप्टममध्ये (व्हायलच्या, म्हणजे छोट्या बाटलीच्या, रबरी बुचात) मी एक सुई खोचून ठेवायचे. त्या एवढ्याशा भोकातून टीएचएफ उडत होतं. ते 66 अंशांना उकळतं, डायऑक्सेन 101 ला, पाणी 100 ला, म्हणजे सगळ्यात आधी पळणार तेच. पुढच्या वेळी व्हायल संध्याकाळी आणि सकाळी तोलली तर 0.3 ग्रॅम कमी. डायलिसिसची नळी भरायच्या आधीच कातडी आखडून बसलेली, मग ती दबणार कशी?

तेव्हापासून व्हायल भरली की तोलायची आणि नळीत ओतण्याआधी पुन्हा तोलायची ही माझी सवय. घट दिसली तर तेवढं टीएचएफ परत घालते. हे शास्त्रशुद्ध नाही, उडालेलं सगळं टीएचएफच होतं असं मी गृहीत धरते, पण चालतं. पाणी घालून झालं की सुई काढायची, आणि शक्यतो रात्र मध्ये येऊ द्यायची नाही. "उद्या सकाळी लावते" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दुसरी चूक स्वतःला फसवायची. पीडीएलएलए, म्हणजे पॉलिलॅक्टाइडच्या मऊ कातडीवर काम करताना एकदा साध्या टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, सॅम्पल सुकवून) शेकड्याने वाट्या दिसल्या. मी हरखून ग्रुप मीटिंगमध्ये फोटो दाखवले. मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला: "क्रायो केलंस का?" म्हणजे न सुकवता झटकन गोठवून बघितलंस का? केलं नव्हतं. चार दिवसांनी केलं, तर गोठलेल्या बर्फात सगळे गोल गरगरीत गोळे. सॅम्पल ठेवायच्या जाळीवर, ग्रिडवर, थेंब सुकताना आणि नंतर निर्वातात पोकळ पिशव्या बसल्या होत्या, फुटबॉलमधली हवा गेल्यावर बसतो तशा. पॉलिस्टायरीनसारखी कडक कातडी सुकवल्यावर बरीचशी टिकते, मऊ कातडी टिकत नाही. आणि क्रायोतही एक खोच आहे: वाटी तोंडाच्या बाजूने दिसली तर कडीच दिसते. होल्डर थोडा कलवून तोच कण पुन्हा बघा. एकाच कोनातल्या एका फोटोवरून आकार ठरवणाऱ्याला मी तरी दुसरा फोटो आणायला पाठवते.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

डीएलएसवरून (प्रकाशाच्या चमचमण्यावरून कणांचं माप काढणाऱ्या यंत्रावरून) आकार सांगू नका. ते यंत्र प्रत्येक कणाला गोळा समजूनच आकडा देतं. त्याच्या जोडीला स्थिर प्रकाश-विकिरणातून आरजी (वस्तुमान केंद्रापासून किती पसरलंय ते सांगणारी त्रिज्या) काढलात तर आरजी भागिले आरएच (डीएलएसने दिलेली त्रिज्या) कामाला येतं: भरीव गोळ्याला 0.775, पातळ कातडीच्या पोकळ गोळ्याला 1 च्या आसपास. म्हणजे पोकळ आहे की नाही एवढं तरी कळतं.

टीएचएफच्या जुन्या, अर्ध्या बाटलीत पेरॉक्साइड साठतात. चाचणीपट्टी बुडवायला एक मिनिट लागतो.

डायलिसिसची नळी आधी नीट धुवा, तिला ग्लिसरीन लावलेलं असतं.

मीठ जास्त घातलं की वाटी जास्त खोल, हा समज सोडा. मीठ पाणी बाहेर ओढतं खरं, पण आकार किती आकारमान गेलं यावर बदलतो. मूळ गोळ्याच्या 0.65 पट आकारमान उरेपर्यंत लांबट, 0.65 ते 0.59 मध्ये तबकडी, आणि त्याखाली वाटी. हे गणित कातडीला स्वतःहून एका बाजूला वाकायचा कल नसेल तेव्हाचं. पीडीएलएलएच्या पिशव्या तर 50 मिलिमोलर सोडियम क्लोराइडसमोर डायलिसिसला लावल्या की वाटीऐवजी नळ्या देतात.

आणि डायलिसिस लावून घरी जाऊ नका, निदान पहिल्या खेपेला तरी. मी दर तासाला नळीतून 100 मायक्रोलिटर काढून मिलिलिटरभर थंड पाण्यात टाकते; सॉल्व्हंट एकदम पातळ होतं, कातडी आखडते आणि त्या क्षणीचा आकार तसाच राहतो. आठ छोट्या व्हायल, प्रत्येकीवर वेळ. वाटी कितव्या तासाला झाली हे त्यातूनच कळतं, आणि झाली नसेल तर कुठे अडली तेही.