पोरगं दार आपटायलंय? आधी हे करा
आठवी-नववीतलं लेकरू अंगावर यायलंय म्हणून लगेच हात उगारू नका, मेंदूतला ब्रेक लावणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो आन मार खाल्लेलं पोरगं मारायलाच शिकतं. दोघं गार झाल्यावर, भाकरी खाताना म्हणा, काय झालं ते विचारा अन मग गप बसून ऐका (हेच लई अवघड). गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या गॉटफ्रेडसन आन हिर्शी यांनी १९९० मधे मांडलंय की स्वतःवरचा ताबा लहानपणी घरातच घडतो, लेकरावर लक्ष ठेवून, चूक ओळखून, तिथंच टोकून. लातूरला क्लासला ठेवलं असंल किंवा तुम्हीच ऊसतोडीला गेला असाल तर रोज ठरल्या टायमाला फोन, मार्क सोडून बोला. मोबाईल हिसकू नका, वेळ आधीच ठरवा.