मराठी-कन्नड लेबलची रुंदी मोजताना या चुका टाळा

खडे बाजारातल्या दुकानाचं बिलिंग असो की निपाणीतल्या पतसंस्थेची खाती, बेळगाव भागात एकाच स्क्रीनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लागतात. इंग्रजीत नीट बसलेल्या बटणात मराठी शब्दाचा शेवट कापला जातो. असं झालं की फॉन्टला दोष देण्याआधी रुंदी कशी मोजली ते बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकेका अक्षराची रुंदी मोजून बेरीज करणं. ‘श्री’ घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, त्याचे चार तुकडे: श, हलन्त (पाय मोडल्याची खूण), र आणि दीर्घ वेलांटी. पडद्यावर मात्र श आणि र मिळून एकच आकृती उमटते, त्यामुळे सुट्या तुकड्यांची बेरीज जास्त भरते. त्यात वेलांटी एकटी मोजली तर बऱ्याचदा ठिपक्यांचं वर्तुळ सोबत येतं आणि त्याचीही रुंदी धरली जाते. ‘खर्च’मधला रफार तर वर चढतो, आडवी जागा जवळपास घेतच नाही. म्हणून पूर्ण मजकूर एकदम मोजा. त्यासाठी तयार फंक्शनं आहेत: स्क्रीन बनवायच्या क्यूटी लायब्ररीत आवृत्ती ५.११ पासून हॉरिझॉन्टलअ‍ॅडव्हान्स, पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये फॉन्टचं मेझर, ब्राउझरच्या कॅनव्हासवर मेझरटेक्स्ट. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली उतरतो, तेव्हा उंचीही तपासाच.

दुसरी गोष्ट, ज्या फॉन्टने रंगवणार त्यानेच मोजा. निवडलेल्या फॉन्टमध्ये कन्नड नसेल तर सिस्टिम गुपचूप दुसरा फॉन्ट लावते. विंडोज ८ पासूनच्या निर्मला यूआयमध्ये दोन्ही लिप्या आहेत, पण जुन्या मशीनवर मराठीला मंगल आणि कन्नडला तुंगा लागतो, मग आकडे बदलणारच. वेबफॉन्ट (पानासोबत नेटवरून उतरणारा फॉन्ट) असेल तर तो लोड झाल्यावरच मोजा. डिस्प्ले स्केल १०० वरून १२५ टक्के केल्यावर साठवलेली जुनी मापं फेकून द्या. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ग्राफिक्सच्या मेझरस्ट्रिंगने मोजून टेक्स्टरेंडररने रंगवू नका. मेझरस्ट्रिंग कडेला थोडी जागा जास्त धरते.

अ‍ॅडव्हान्स आणि प्रत्यक्ष शाई (अक्षराचा रंगलेला भाग) यांतला फरकही लक्षात ठेवा. अ‍ॅडव्हान्स म्हणजे पुढचं अक्षर कुठून सुरू होईल ते. वेलांटीचं टोक किंवा अनुस्वार त्याबाहेर डोकावू शकतो. चौकट आखायची असेल तर बाउंडिंग बॉक्स, म्हणजे सगळी शाई मावेल तो चौकोन, घ्या. लांब नाव तोडून तीन टिंबं देतानाही पूर्ण अक्षरावरच तोडा, नाहीतर शेवटी हलन्त लोंबकळतो.

चाचणीला ‘विद्यार्थ्यांची’सारखा शब्द आणि एक लांब कन्नड गावाचं नाव घ्या. मोजलेल्या रुंदीची लाल चौकट काढून त्यावर मजकूर रंगवला की काय बाहेर गेलं ते लगेच दिसतं.