कॉइल बदलण्याआधी बल्ब लावून बघा

गाडी कॉलेज रोडला झकास पळते, पण कसारा घाट चढताना पाय दाबला की मिसिंग करते, म्हणजे एखादा सिलिंडर पेट चुकतो. त्यात पावसाची रात्र असेल, एसी, वायपर, जादा वॅटचे हेडलाइट आणि डिकीतला अँप्लिफायर सगळं चालू असेल, तर हमखास. नाशिकमध्ये मॉडिफाय केलेल्या गाड्यांचं काम शिकायला लागलात की ही तक्रार तुमच्यापुढे येणारच. स्कॅनर कधी पी०३०० देतो (कुठलाही सिलिंडर चुकतोय), कधी पी०३०३ (तिसरा चुकतोय). मालक म्हणतो कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी गुंडाळी) बदला, शेजारचा वायरमन पण तेच म्हणतो. बदलू नका. आधी मोजा.

कॉइलची अदलाबदल तुम्हाला माहीत असेल. तिसऱ्याची पहिल्यावर लावली आणि कोड पी०३०१ झाला, तर कॉइल गेली, विषय संपला. टर्बो गाडीत प्लगची गॅपही बघून घ्या; बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की तीच गॅप ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कोड जागचा हलला नाही, किंवा सगळेच सिलिंडर आळीपाळीनं चुकायला लागले, तर खरं काम इथून सुरू होतं.

या एका गोष्टीनं मला फार छळलं, म्हणून सविस्तर सांगतो. आपण कॉइलचं कनेक्टर काढतो, चावी ऑन करतो, मीटर लावतो. १२.६ व्होल्ट. सप्लाय पक्का, मग दोष कॉइलचाच. इथंच फसगत होते. कनेक्टर काढलंय, म्हणजे वायरमधून करंट जातच नाही, आणि करंट नसताना सडका जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बूस्ट गेज किंवा कॅमेऱ्यासाठी कुणीतरी कॉइलच्या सप्लायची वायर सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळलेली असते. त्या जोडाचा रोध समजा ०.३ ओहम. साध्या मीटरच्या वायरींचाच तेवढा असतो, त्यामुळे ओहमवर तो सापडत नाही आणि बीपही वाजतो. पण कॉइल भरताना ७-८ अँपिअर ओढते, तेव्हा त्याच जोडावर दोन व्होल्टहून जास्त गळतात. इंजिन चालू ठेवून मोजलं तरी करंट झटक्याझटक्यानं जातो, मीटर सरासरी दाखवतो, आणि व्होल्टेजमधला खड्डा लपून राहतो.

कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भरायला तेवढाच वेळ मिळाला आणि १४ च्या जागी १२ व्होल्ट पोचले, तर ऊर्जा पाऊणपटीच्याही खाली येते. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बॅटरी उतरल्याचं ओळखून कॉइलला जास्त वेळ देतं, हे खरं. पण ते व्होल्टेज बघतं स्वतःच्या पिनवर. कॉइलच्या वायरवर काय गळतंय, ते त्याला कळत नाही.

म्हणून कनेक्टरच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब लावा. ट्रिगरच्या पिनला (जिथून ईसीएम ठिणगीचा इशारा देतं) चुकूनही नको. ज्या कॉइलला वेगळी अर्थ वायर नसते, तिथं बल्बचं दुसरं टोक इंजिन हेडला लावा. बल्ब साडेचार अँपिअर सलग ओढतो. तो पेटलेला असताना बॅटरीच्या प्लसपासून सप्लायच्या पिनपर्यंत मोजा. ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. एक व्होल्ट आला तर कॉइलला हात लावू नका, आधी जोड शोधा. सापडतो, घाबरू नका. शाळेतला ओहमचा नियम पुरतो.

चार्जिंगलाही हीच रीत. इंजिन चालू, सगळा लोड चालू, बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. कमी असतील तर लगेच अल्टरनेटर खोलू नका. त्याच्या बी प्लसपासून (करंट बाहेर देणाऱ्या टोकापासून) बॅटरीच्या प्लसपर्यंत आणि बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ड्रॉप घ्या, म्हणजे किती व्होल्ट गळतात ते मोजा. इंजिन काढून बसवलेल्या गाडीत अर्थची पट्टी पावडर कोटिंगवर आवळलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की पहिला हात तिथंच जातो. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त रिपल (डीसीत उरलेला एसीचा अंश) दिसला तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्या. नव्या गाड्यांत ईसीएम स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतं, त्यामुळे बॅटरी भरलेली असताना १२.८ दिसलं म्हणून बिघाड समजू नका. मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर अँप्लिफायरची अर्थ बॉडीला द्या, थेट टर्मिनलला नको.

आणि हिशेब करा. १,००० वॅट खरोखर खाणारा अँप्लिफायर ७० अँपिअरच्या वर मागतो. लहान हॅचबॅकचा अख्खा अल्टरनेटर जवळपास तेवढाच असतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासायला सांगणारा उस्ताद कितीही नावाजलेला असो, त्याचं ऐकू नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ते निभावून जायचं. आज त्या झटक्यानं ईसीएम जाऊ शकतं, आणि त्याचे पैसे शिकाऊ पोराच्या पगारातून कापले जातात. सातपूरच्या आयटीआयमधून निघा किंवा थेट गॅरेजमध्ये लागा, तुमच्या हातात मीटर देऊन ‘आकडा सांग’ म्हणणाऱ्या माणसापाशी टिका, पगार थोडा कमी असला तरी. आवाजावरून निदान करणाऱ्यांचा मला आदर आहे, पण वायरीतली गळती कानाला ऐकू येत नाही.

जोड सापडला की टेपनं झाकू नका. वायर कापून नीट क्रिम्प करा, वर हीट श्रिंक चढवा. गेज आणि कॅमेऱ्याला रिलेवरून वेगळी लाइन द्या, फ्यूज बॅटरीजवळ. मग सगळा लोड चालू ठेवून गाडी घाटात न्या. इगतपुरीचा पाऊस लागण्याआधी हे उरकलं तर उत्तम, कारण ओल शिरलेला कच्चा जोड हिरवा पडतो आणि तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते.