वर्ल्ड सिरीजच्या जुन्या वस्तू जमवताय? या चुका टाळा

वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलची दरवर्षीची अंतिम मालिका. तिच्या जुन्या चेंडूवर न्यूयॉर्क यांकीजचा विख्यात फलंदाज बेब रूथ याची सही दिसली की नजर तिथेच खिळते. फसगत होते ती याच घाईत. सही नंतर बघा, आधी चेंडू फिरवून लीगच्या अध्यक्षाच्या नावाचा ठसा वाचा. 1999 पर्यंत अधिकृत चेंडूंवर तो असे. अमेरिकन लीगमध्ये (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी यांकीजची) विल्यम हॅरिज 1931 ते 1959 अध्यक्ष होते, त्यांच्यानंतर 1973 पर्यंत जो क्रोनिन. रूथ वारला 16 ऑगस्ट 1948 ला, त्यामुळे क्रोनिनच्या ठशाच्या चेंडूवर त्याची सही असूच शकत नाही. ‘1927 च्या विजेत्या यांकीज संघाच्या सह्या’ म्हणून विकायला आलेल्या चेंडूवर हॅरिजचं नाव असेल, तर त्या सह्या निदान त्या वर्षीच्या तरी नाहीत.

मग शाई. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर 1945 मध्ये, शार्पी मार्कर 1964 मध्ये. रूथचा यांकीजमधला सहकारी लू गेरिग 1941 मध्येच वारला. त्याची ‘सही’ बॉलपेननं केलेली असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. दहापट भिंगातून पाहिलं की बॉलपेनच्या टोकानं कातड्यात पाडलेली बारीक चर दिसते. फाउंटन पेनची शाई मात्र कातड्यात मुरून कडांना थोडी पसरलेली असते.

हे लक्षात असू द्या: ठसा आणि शाई जुळली म्हणजे सही खरी ठरत नाही, फक्त अशक्य नाही एवढंच कळतं. नामवंत खेळाडूंच्या सह्या क्लबहाऊसमधली (संघाच्या खोलीतली) माणसंही करून देत. महाग वस्तूला पीएसए किंवा जेएसए या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांचं प्रमाणपत्र हवंच, आणि त्याचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासायचा.

प्रोग्रॅम (सामन्याची छापील पुस्तिका) घेताना होणारी चूक वेगळी. 8 ऑक्टोबर 1956 ला यांकीजचा गोलंदाज (पिचर) डॉन लार्सन यानं वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध परफेक्ट गेम टाकला, म्हणजे त्यांचा एकही फलंदाज बेसवर पोचू दिला नाही. यांकी स्टेडियममधला तो मालिकेतला पाचवा सामना. तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यालाही तिथे तोच प्रोग्रॅम विकला गेला, म्हणून आतलं स्कोअरकार्ड उघडून बघा. डॉजर्सच्या बाजूला 27 फलंदाज, 27 बाद, बेसवर एकही नाही. शेवटच्या चौकटीत डेल मिचेल, बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक, म्हणजे उलटा लिहिलेला इंग्रजी के (स्ट्राइकआउटची खूण). दुसऱ्या डावात जॅकी रॉबिन्सनचा फटका तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला लागून शॉर्टस्टॉपकडे उडाला होता. ती नोंद 5-6-3 (तिसरा बेस, शॉर्टस्टॉप, पहिला बेस या जागांचे क्रमांक) अशी हवी. यात गफलत असेल तर कार्ड दुसऱ्या सामन्याचं तरी आहे किंवा नंतर भरलेलं. आणि सगळं बरोबर असलं तरी पेन्सिल आजही चालवता येते. निव्वळ भरलेल्या कार्डासाठी जादा पैसे मोजू नका. सोबत त्याच सामन्याच्या तिकिटाचा तुकडा मागा.

तिकिटांच्या बाबतीत ‘फँटम’ माल ओळखायला शिका. 1964 मध्ये फिलाडेल्फिया फिलीज 12 सामने उरले असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होते, म्हणून वर्ल्ड सिरीजची तिकिटं आधीच छापली गेली. संघ तिथवर पोचलाच नाही. अशी तिकिटं अस्सल आहेत, गोळा करण्याजोगीही आहेत, पण खेळल्या गेलेल्या सामन्याच्या भावानं घेऊ नका.

365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा जवळ ठेवा. साधारण 1950 पासून कागदात चकाकी आणणारी रसायनं आली. 1930 चा म्हणून दिलेला प्रोग्रॅम त्या उजेडात निळसर पांढरा झळकला तर तो नंतर छापलेला. जर्सीला ही परीक्षा लावू नका: आजच्या डिटर्जंटमध्ये धुतलेलं जुनं लोकरी कापडही तसंच झळकतं.

साठवणीत सगळ्यात जास्त नुकसान पीव्हीसीच्या पिशव्या करतात. त्यातला मऊपणा आणणारा द्रव बाहेर येऊन शाईला चिकटतो. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन वापरा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. आर्द्रता 40 ते 50 टक्के ठेवा, उन्हाचा कवडसाही पडू देऊ नका.

तपकिरी पिवळट, चकचकीत झालेला चेंडू दिसला तर तो मळलेला समजून स्पिरिटनं पुसू नका. पूर्वी सही टिकावी म्हणून चेंडूला शेलॅक (लाखेचं वार्निश) लावत. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि त्याच्याबरोबर सही बोळ्यावर येते.